वरच्या गॅलरीतला फोन

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या माणसाला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. ते स्लॅबमधून झिरपतात. कधी छतातून, कधी बाथरूमच्या पाइपातून, कधी जिन्यावरून. आमची गेवराईतली बिल्डिंग तीन मजल्यांची, आणि आम्ही मधल्या मजल्यावर, म्हणजे दोन्हीकडचा माल आमच्याच गोडाऊनला! बाजारात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आमचा पंखा किती कमी आवाज करतो हे मी दिवसभर गिऱ्हाइकांना पटवून देतो आणि संध्याकाळी घरी येऊन भानुदासच्या खाली राहतो.

भानुदास म्हणजे आमच्या डोक्यावरचा शेजारी. मूळचा तलवाड्याचा, मेंढपाळाच्या घरातला. मेंढरं अजून आहेत, ती त्याचा धाकटा भाऊ सोपान राखतो. हा पिकअप चालवतो आणि मुलीच्या कॉलेजसाठी इथं राहायला आलाय. माणूस दिलदार. फक्त माळावर वापरायचा आवाज त्यानं सामानाबरोबर तसाच फ्लॅटमध्ये आणला.

*

पहिला किस्सा त्यांच्या दगडी खलाचा. भानुदासच्या बायकोनं, गयाबाईंनी, तो गावाहून आणलेला. त्यात ठेचा कुटायला लागल्या की खाली आमच्या कपाटातली भांडी वाजायची. दोन-चार दिवस सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, सहन केलं. मग पदर खोचून वर गेली.

मी खाली कान टवकारून बसलो. कुटणं थांबलं. आता भांडण सुरू होणार म्हणून वाट बघितली, तर काहीच ऐकू येईना. बऱ्याच वेळानं सुनंदा वाटी घेऊन खाली आली. नाकडोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा प्रसन्न.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"पुढच्या वेळी मिरच्या जरा कमी टाकते म्हणाल्या."

तेव्हापासून वर कुटणं सुरू झालं की आमच्याकडे भाकरीसाठी तवा तापतो. वाटी आपोआप येते.

*

पण भानुदासची खरी ख्याती फोनमुळे. घरात रेंज येत नाही, म्हणून तो रोज सकाळी मागच्या गॅलरीत उभा राहतो, तलवाड्याच्या दिशेला तोंड करतो आणि सोपानला फोन लावतो.

"सोपाना, कुठं हाईस बे? ओढ्याला? कावून? तिकडं चारा हाय का? लंगडीचा पाय कसा हाय? अन् बांडी खातीय का न्हाई?"

बांडी ही त्याची लाडकी मेंढी, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची. ती आमच्यापैकी कुणी पाहिलेली नाही, पण तिचा स्वभाव सगळ्या बिल्डिंगला पाठ. सुनंदा भाजी घ्यायला खाली उतरली की तळमजल्यावरच्या बाई विचारतात, "लंगडीचं काय झालं हो? सकाळी मिक्सर चालू होता, नीट ऐकू नाही आलं."

तळमजल्यावर आमचे चेअरमन गुरुजी राहतात, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी एकदा भानुदासला जिन्यात गाठलं.

"भानुदास, फोनचा शोध कशासाठी लागला?"

"लांबच्या मानसाशी बोलायला, गुरुजी."

"मग?"

"मग सोपान लांबच हाय की."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत गुरुजींना निरुत्तर करणारा विद्यार्थी मिळाला नव्हता. ते घरात गेले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

*

आवाजाचा फायदाही होता, ते कबूल केलं पाहिजे. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं. कधी येईल त्याचा नेम नाही. वॉल्व्ह सोडणारा मोटारसायकलवरून जाताना भानुदासला वरून दिसतो. मग गॅलरीतून एकच हाळी येते, "पानी आलंऽऽ!" आणि बिल्डिंगमधल्या सगळ्या मोटारी चालू होतात. शेजारच्या दोन बिल्डिंगांच्यासुद्धा. मोटारींचा तो कलकलाट एवढा असतो की विचारू नका, पण त्याची तक्रार आजवर कुणी केली नाही.

*

मग आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे वडील. युसूफ वडगावला आमचं किराणा दुकान होतं आणि आप्पांचं आयुष्य त्या गल्ल्यावर, गावच्या लोकांच्या गुरामेंढरांच्या गोष्टी ऐकत गेलं. आई गेल्यावर तिथं एकटं राहणं अवघड झालं. एकदा ओसरीवर चक्कर येऊन पडले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की यांना एकटं ठेवू नका. मी ते किराणा दुकान बंद करून त्यांना घेऊन आलो.

इथं आल्यावर कळलं की आप्पांना जवळजवळ ऐकू येत नाही. गावात हे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं, कारण बाजारात गिऱ्हाईक ओरडूनच बोलतं. इथं आम्ही फ्लॅटमधल्या आवाजात बोलायचो. आप्पा नुसती मान हलवायचे. चहा घेता का म्हटलं तरी मान, लाइट गेली म्हटलं तरी मान. कानाचं मशीन आणून दिलं, ते त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं.

"त्यात पंख्याचा आवाज लई येतो," म्हणाले. "मानसाचा येत न्हाई."

पंखा माझ्याच दुकानातला, मीच बसवलेला.

दर चार-आठ दिवसांनी एकच वाक्य ठरलेलं, "मला वडगावला नेऊन घाल." मी विषय बदलायचो. पण आत कुठंतरी धास्ती बसली होती. आप्पा हट्टाला पेटले तर जाणार, आणि तिथं पुन्हा पडले तर उचलायला कुणी नाही.

*

आप्पांनी सकाळी मागच्या गॅलरीत खुर्ची टाकायला सुरुवात केली, तेव्हा मला वाटलं उन्हाला बसतात. त्या गॅलरीत सकाळी ऊन येत नाही, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

एक दिवस जेवताना आप्पा एकदम म्हणाले, "बांडी व्याली. दोन झाले."

सुनंदानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. त्या सकाळी मी लवकर दुकानात गेलेलो, सुनंदा बाहेर, त्यामुळे आम्हाला काहीच माहीत नाही. आणि आप्पांना भानुदासचं ऐकू येत असेल हे तर ध्यानीमनी नव्हतं. "कोण व्याली?" मी त्यांच्या कानात ओरडून विचारलं.

"बांडी. एक नर, एक मादी. मादी जरा अशक्त हाय."

ताट तसंच ठेवून मी बाहेर गेलो आणि लातूरच्या बहिणीला फोन केला. तिला म्हटलं, आप्पांचं आता काही खरं नाही, भ्रम व्हायला लागलाय, जमलं तर भेटून जा. ती बिचारी रडायलाच लागली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात भानुदास, हातात डबा. अर्धा पेढ्यांनी भरलेला, अर्धा बर्फीनं.

"बांडीला दोन झाले, शेट. पोरगा बी हाय अन् पोरगी बी, म्हून दोन्ही आनलं."

मला इतका आनंद झाला की मी त्याला मिठीच मारली. मेंढीच्या बाळंतपणाचं एवढं कौतुक बघून भानुदास चकित झाला. बहीण मात्र अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

*

पुढं बिल्डिंगची मीटिंग झाली. गच्चीवर, रविवारी. विषय होता आवाज. कुणामुळे विषय निघाला ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडावर नाव कोण घेणार? गुरुजींनी घसा साफ केला. "काही रहिवासी फोनवर फार मोठ्यानं बोलतात. इतरांचा विचार करत नाहीत." सगळे पाण्याच्या टाकीकडे बघायला लागले.

सगळ्यात जास्त पटलं ते भानुदासला. "बरोबर हाय गुरुजी," तो म्हणाला. "लोकान्ला काही कळतच न्हाई." ते ऐकून समोरच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत आली.

त्याच्या पोरीनं, पूजानं, त्याची बाही ओढली आणि कानात काहीतरी सांगितलं. भानुदासचा चेहरा उतरला. त्यानं एकदा आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि मान खाली घातली. मीटिंग संपल्यावर तो चहासुद्धा न घेता गेला. मला फार वाईट वाटलं, पण मीही टाकीकडेच बघत होतो.

*

दुसऱ्या दिवसापासून भानुदास जिना चढताना चपला हातात घ्यायला लागला. पूजानं त्याला कानात घालायच्या वायरी दिल्या. तो गॅलरीत भिंतीकडे तोंड करून, तोंडावर हात धरून कुजबुजायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस काहीतरी लफड्यात आहे. गयाबाई ठेचा मिक्सरमध्ये करायला लागल्या, आणि सुनंदा म्हणाली, "चवच गेली."

बिल्डिंग खूश होती. मग पाणी आलं आणि निघून गेलं, कुणाला पत्ताच नाही. टाक्या कोरड्या. सकाळी गुरुजी खांद्यावर टॉवेल टाकून, हातात रिकामी बादली घेऊन अंगणात उभे होते. त्यांनी तिसऱ्या मजल्याकडे बराच वेळ बघितलं.

आप्पा रोज खुर्ची टाकून बसत होते. तासभर बसायचे आणि उठून आत यायचे. एका संध्याकाळी मी घरी आलो तर त्यांची पिशवी भरून तयार. धोतरं, औषधं आणि सगळ्यात वर विभूतीचा डबा. तो डबा पिशवीत गेला म्हणजे गंमत नव्हती.

"आप्पा, काय झालं?"

"इथं आता कोनी बोलत न्हाई," ते म्हणाले. "वडगावला निदान रस्ता तरी बोलतो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तसाच वर गेलो. भानुदासला म्हटलं, बाबा, तू आपला मोठ्यानं बोल. माझ्या बापासाठी बोल.

तो कसनुसं हसला. "न्हाई शेट. त्या दिवशी माझ्या पोरीला लाज वाटली हो माझी. आता न्हाई."

मी खाली आलो. आप्पा हट्टाला पेटले होते, सकाळी निघायचं ठरलं.

*

सकाळी मी पिशवी उचलली. आप्पांनी चपला घातल्या, सुनंदानं त्यांना नमस्कार केला. तिचे डोळे भरलेले. आणि तेवढ्यात वरून आवाज आला.

"फुगलंय? किती फुगलंय बे? अन् तू आता सांगाया लागला?"

वायरी निघाल्या होत्या, भिंत विसरली होती, भानुदास माळावर पोचला होता.

आप्पांचा हात चौकटीवरच थांबला. ते वळले आणि चपलांसकट घरातून चालत गॅलरीत गेले. चपला घालून घरात कुणी आलं तर सुनंदा घर डोक्यावर घेते, पण ती बाजूला झाली. आप्पांनी मान वर केली आणि गल्ल्यावरच्या आवाजात विचारलं, "भानुदासा, कुनाचं फुगलंय?"

कठड्यावरून भानुदासचं डोकं खाली आलं.

"बांडीचं पोट, आप्पा."

"उभी हाय का बसली?"

डोकं आत गेलं. "सोपाना, उभी हाय का बसली?" डोकं बाहेर आलं. "बसली म्हनतो."

"काय खाल्लं तिनं?"

पुन्हा आत, पुन्हा बाहेर. "ओला लसूणघास."

"आधी डॉक्टरला बोलाव म्हनाव. अन् तवर बसू देऊ नको, चालव म्हनाव तिला."

एव्हाना सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. गुरुजीही अंगणात येऊन वर बघत होते. मी आप्पांच्या खांद्याला हात लावून गाडी खाली उभी असल्याची खूण केली.

"थांब जरा," आप्पा म्हणाले. "बांडीचं बघून जाऊ."

दुपारी डॉक्टर पोचला. संध्याकाळी बांडी रवंथ करायला लागल्याची बातमी वरून आली. आप्पा म्हणाले, "आज उशीर झाला, उद्या निघू." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "परत फुगतं कधी कधी. बघावं लागतं." त्यानंतर कधीतरी सुनंदानं विभूतीचा डबा पिशवीतून काढून देव्हाऱ्यात ठेवला. आप्पांनी सकाळी तो उघडला, कपाळाला विभूती लावली आणि खुर्ची घेऊन गॅलरीत गेले. पिशवीचं नाव कुणी काढलं नाही.

*

परवा गुरुजी आमच्या दारात आले. आत यायला तयार नाहीत. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बोलू की नको असं झालंय," ते म्हणाले. "पण चेअरमन आहे, सांगावं लागतं. तुमच्या घरातून सकाळी फार आवाज येतो."

त्यांना आग्रहानं आत बसवून, सुनंदाला चहा ठेवायला सांगून मी गॅलरीत गेलो. आप्पा कठडा धरून, मान वर करून उभे होते. लंगडीच्या पायाला काय लावायचं ते सांगणं चाललं होतं, आणि वरून भानुदास तेच फोनमध्ये सांगत होता. मी आप्पांच्या कानाशी वाकलो.

"आप्पा, जरा हळू बोला. खाली गुरुजींना त्रास होतो."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. दुकानात येऊन काहीतरी खुळ्यासारखं मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते असंच बघायचे.

"हळू बोललो तर तलवाड्याला ऐकू कसं जाईल?"