चाळीसची सुई, शंभराची बाटली

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन नांदेडला राहायला आलो, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी राग काही उतरत नाही. त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी एक बाई तक्रार घेऊन आली. तिची आई आदल्या दिवशी वारली होती. म्हातारीला साखरेचा आजार होता आणि सून तिला रोज सकाळी इन्सुलिन टोचायची. त्या दिवशी सुई टोचून, भाकरी खाऊ घालून सून रानात गेली. दुपारी परतली तर सासू घामानं भिजून बेशुद्ध पडलेली. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात गेली. रक्तातली साखर पार तळाला गेली होती, असं डॉक्टरांनी लिहिलं. लेकीचं म्हणणं होतं, भावजयीनं मुद्दाम जास्त औषध टोचलं. शेजारणीनं तर कानांनी ऐकलं होतं म्हणे, सून हापशावर बोलली होती, "या सुईपासून एकदाची सुटका होऊ दे."

आकस्मिक मृत्यूची नोंद आधीच झाली होती, प्रेत शवविच्छेदनासाठी लातूरला पाठवलं होतं. मी घरी जाऊन पंचनामा केला. माठाला टेकून ओल्या फडक्यात गुंडाळलेली औषधाची बाटली आणि स्टीलच्या डबीतली सिरिंज जप्त केली. दोन्ही वस्तू माझ्या हातातून गेल्या. मी काय वाचलं? फक्त औषधाचं नाव!

महिला पोलिसासमोर सुनेला बसवलं. तिशीची बाई, सातवी शिकलेली. किती टोचलंस, विचारलं. वीस, रोज वीसच. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, पण तिचं उत्तर बदलेना. शेवटी म्हणाली, "साहेब, सुई आणा हितं. म्या रेघ दाखवते."

तीनदा म्हणाली. मला तो उद्धटपणा वाटला. चौकशी मी करतोय आणि ही मलाच कामाला लावतेय! पढवलेला माणूस एकच वाक्य घोकतो हे नोकरीत शंभरदा पाहिलं होतं, त्यामुळे माझा संशय उलट पक्का झाला. बाहेर बाकावर तिचा नवरा पाचवीतल्या मुलीला घेऊन बसला होता. मी खुनाच्या कलमाखाली अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

आमचे मुद्देमालाचे हवालदार स्वतः साखरेचे पेशंट. दुपारी जेवणाचा डबा उघडण्याआधी शर्ट वर करून पोटात सुई टोचून घ्यायचे आणि ठाण्यातली पोरं त्यांची चेष्टा करायची. जप्त वस्तूंची वहीत नोंद करताना ते थांबले आणि दोन्ही वस्तू घेऊन माझ्याकडे आले.

"साहेब, हे जुळून न्हाई राहिलं. बाटली शंभराची हाय अन् सुई चाळीसची."

माझ्या डोक्यात काही शिरेना. मग त्यांनी शाळेतल्या गुरुजींसारखं समजावलं. इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात. एका मिलीलीटरमध्ये चाळीस युनिट, नाहीतर शंभर. सुयाही तशाच दोन, चाळीसची लाल टोपणाची, शंभराची केशरी. बाटलीची जी ताकद, तिचीच सुई. चाळीसच्या सुईवर वीसची रेघ म्हणजे अर्धा मिलीलीटर. चाळीसच्या बाटलीतून त्यात वीस युनिट येतात. शंभराच्या बाटलीतून तेवढ्याच औषधात पन्नास. म्हणजे अडीचपट.

मी सुनेला पुन्हा आत बोलावलं आणि सुई तिच्यापुढे ठेवली. तिनं एका झटक्यात रेघेवर नख टेकवलं. वीस. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. बाटली बदलली होती का, विचारलं. जुनी संपली होती, नवी त्याच सकाळी फोडली, नवऱ्यानं नेहमीच्याच दुकानातून आणलेली. जुनी रिकामी बाटली घरी देवळीत होती. हवालदारांनी जाऊन आणली. ती चाळीसची निघाली.

औषधाच्या दुकानात मी स्वतः गेलो. भिंतीवर काचेत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र लटकलेलं आणि तो फार्मासिस्ट नोकरीला पुण्यात. गल्ल्यावर मालक, त्याचं औषधांचं शिक्षण शून्य. डॉक्टरच्या चिठ्ठीवरही नुसतं नाव आणि वीस, ताकद लिहिण्याची तसदी त्यांनीही घेतली नव्हती. चाळीसची संपली होती म्हणून शंभराची दिली, असं मालक म्हणाला. गिऱ्हाइकाला काय सांगितलं, विचारलं.

तो हसला. "तेच औषध हाय म्हणलं, साहेब. उलट जास्त दिवस पुरतंय."

जास्त दिवस पुरतं, हे या शहाण्याला ठाऊक होतं! मग का पुरतं, हे सांगताना दातखीळ बसली होती का? सुई कोणती वापरता, एवढं एक वाक्य विचारलं असतं तर म्हातारी जगली असती. त्या दिवशी मी हात खिशात घालून उभा राहिलो, कारण बाहेर काढले असते तर माझ्यावरच गुन्हा दाखल झाला असता. त्याच्यावर निष्काळजीपणानं मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा नोंदवला. दुकान काही दिवस बंद राहिलं, मग पुन्हा उघडलं. कोर्टात तारखा चालूच आहेत.

संध्याकाळच्या आत सुनेचा जबाब पूर्ण करून तिला घरी जायला सांगितलं. दारात ती थांबली.

"साहेब, म्या मोजायला चुकले न्हाई ना?"

"नाही. तुम्ही बरोबर मोजलं," मी म्हणालो. तिला अहोजाहो करण्याची ती माझी पहिलीच वेळ होती.

तशी ती मटकन खाली बसली आणि पहिल्यांदा रडली. "बरोबर मोजलं, तरी आत्याबाई माझ्याच हातानं गेल्या की हो."

पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक फौजदाराला मी एकच सांगितलं, की समोरचा माणूस एखादी वस्तू आणा म्हणाला तर आधी वस्तू आणा, मग काय ओरडायचं ते ओरडा. आता नांदेडला बायकोचं इन्सुलिन घेताना मी बाटली उजेडात धरतो, ताकद मोठ्यानं वाचतो, सुई जुळते का ते दुकानदाराकडून वदवून घेतो. मागचे लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. मी एकदा वाचलं नव्हतं, आणि एका बाईला खुनी ठरवायला निघालो होतो.