पंख्याबरोबर गेलेला सूर

आमचे धाकटे दीर कार्यक्रमातली गाणी कापतात. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कापतात म्हणजे नक्की काय करतात?" मी नवी नवी या घरात आले तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. सगळे त्यांना 'कात्री' म्हणायचे, आणि कात्री तर कुठे दिसेना.

मागच्या खोलीत एका बाजूला कपडे धुण्याचं मशीन, दुसऱ्या बाजूला त्यांचा कॉम्प्युटर. कपडे वाळत घालता घालता मी पडद्यावर डोकावते.

"भावजी, हे डोंगर कसले?"

"टाळ्या, वहिनी. त्यांच्या मधे दिसतंय ते गाणं."

"आणि ही उभी रेघ?"

"ती खूण. इथे कापायचं, म्हणजे ऐकणाऱ्याने बटण दाबलं की थेट या गाण्यावर येता येतं. पण गाणारा श्वास घेतो ना, त्याच्याही आधी लावायची. श्वास कापला तर गाणं दचकून उठल्यासारखं वाटतं."

देवाने दिलेल्या आवाजाचं असं चित्रही निघतं, हे मला त्या खोलीत कळलं.

मध्यंतरी एका गाणाऱ्या ताईंचा कार्यक्रम त्यांनी रेकॉर्ड केला. वय झालं म्हणून ताई यापुढे स्टेजवर गाणार नव्हत्या, हा शेवटचाच. त्यांची धाकटी बहीण मागे बसून पेटीवर एकच सूर धरते, अख्खा कार्यक्रमभर. तिला सगळे मावशी म्हणतात. ताईंनी भावजींना बजावलं होतं, "हॉलमधला पंखा फार घुरघुरतो, तेवढा काढ."

पंखा काढायची रीत गमतीची आहे. नुसता पंखाच ऐकू येतो असा एक तुकडा सॉफ्टवेअरला दाखवायचा. 'हा नको' म्हटलं, की ते तसला आवाज सगळीकडून वेचून काढतं. भावजींनी पहिल्या गाण्याआधीचा शांत तुकडा दाखवला.

मग मावशी ऐकायला आल्या. हेडफोन लावून, डोळे मिटून बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ताई छान गायलीय. पण त्या दिवशी मी आले नव्हते का रे?"

भावजी हसले. मग त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावले आणि त्यांचा चेहराच उतरला. त्या शांत तुकड्यात मावशींनी आधीच सूर धरलेला होता, अगदी हळू. सॉफ्टवेअर बिचारं काय जाणे! त्याने पंख्याबरोबर मावशींनाही झाडून काढलं होतं.

"मूळ रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे," भावजी घाईघाईने म्हणाले. "पण तुम्ही सुरुवातीपासून एक क्षण थांबला नाहीत हो! नुसत्या पंख्याचा तुकडाच नाही कुठे. तुम्ही हव्या असाल तर पंखाही घ्यावा लागेल."

"मग राहू दे," मावशी उठल्याच. "ताईला पंखा नकोय, आणि शेवटचं गाणं आहे तिचं. मला कोण ऐकतंय?"

मला राहवेना. "अहो, पण ताईंना विचारा तरी!"

भावजींनी फोन लावला, आणि काही न सांगता आधी साफ केलेलं ऐकवलं, मग मूळ.

"पहिल्यात मी अशी अंधारात जिना उतरल्यासारखी का गातेय?" पलीकडून ताई म्हणाल्या. "आमची ही कुठे गेली?"

"पंख्याबरोबर गेली, ताई."

"मग आण दोघांना परत! घुरघुरू दे मेल्याला."

मावशी पुन्हा बसल्या. "लाव पाहू पहिल्यापासून." ऐकता ऐकता एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. "थांब. इथे माझा भाता उशिरा हललाय. सूर डुगडुगला बघ."

"काढू?" भावजींनी विचारलं.

"हात तर लावून बघ!"