आत्याची रोजची माफी

आमच्या घराला चूक परवडत नसे. कामशेतला भाताच्या गिरणीमागच्या चाळीत आमची एक खोली. दादा गिरणीत पोती उचलायचे, आई लोकांच्या शेतावर जायची. दूध उतू गेलं की त्या दिवशी सगळ्यांना चहा कोरा. त्यामुळे ज्याच्या हातून काही सांडे, तो दिवसभर तोंड लपवून बसे. अपवाद एकच, दादांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती टाकव्याहून आमच्याकडे आली, ती स्वतःला माफ करायची सवय घेऊनच.

रोज संध्याकाळी मोरीत हातपाय धुतले की ती ओला हात स्वतःच्या गालावर ठेवायची, दिवसाच्या चुका मोठ्याने सांगायची आणि शेवटी म्हणायची, "असू दे राधे. तू बी माणूसच हायस." अख्ख्या चाळीला ऐकू जायचं. चाळीने तिचं नाव माफीआत्या ठेवलं. तिला तो मान वाटला.

आमटीत दोनदा मीठ पडलं तेव्हा आई म्हणाली, "वन्सं, आमी माफ केलं का, ते तरी इचारा."

"तुमचा नंबर नंतर. आधी माझं मला निस्तरू द्या."

दुसऱ्याच्या चुकीला मात्र तिच्याकडे माफी नव्हती. दादांनी दारात चप्पल सोडली तरी आठवडाभर ऐकवायची. "त्याचं त्यानं बघावं," म्हणायची, "मी एकटी किती जणांना पुरू?"

मला हे सोयीचं ढोंग वाटायचं. टाकव्याला तिचं एक लहान खाचर होतं, ते ती जाऊन-येऊन करायची. एका वर्षी तिने लवकर येणारं आणि उशिरा येणारं भात एकाच वाफ्यात पेरलं. रोपं सारखीच दिसली, लावली गेली, आणि दिवाळीच्या सुमारास निम्मं शेत पिकून वाकलं, निम्मं हिरवंगार.

"राधाक्का," शेजारीण म्हणाली, "आर्धं लग्नाला आलं न् आर्धं पाळण्यातच की."

त्या संध्याकाळीही गालावर हात गेला. पण सकाळी ती विळा घेऊन निघाली आणि पिकलेल्या लोंब्या तेवढ्या निवडून कापत राहिली, कंबर धरली तरी. "रडत बसले असते तर कापलं कुणी असतं?" एवढंच म्हणाली.

मी जन्माची तोतरी. लोणावळ्याच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेत स्वतःच्या नावावरच अडकले आणि उठून बाहेर आले. नापास. घरी सांगून टाकलं, कॉलेज बंद. आत्याने मला मोरीत नेलं.

"गालावर हात ठेव. म्हण, असू दे."

"अ... अ... हे पण ज-जमत नाही."

"घाई कुणाला हाय? अडखळून दिलेली माफी बी लागू पडती."

मला हसू आलं. मग रोज आम्ही दोघी मोरीत. माझी माफी लांबायची, बाहेरून आई ओरडायची, "झालं का? भांडी पडलीत." माफीनंतर आत्या मला परीक्षेची उत्तरं म्हणायला लावायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण माझं वाक्य तिने कधी पुरं केलं नाही. तिच्या तोंडाला तेवढा आवर मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

पुन्हा परीक्षेला बसले, पुन्हा नावावर अडकले. समोरच्या सरांनी घड्याळ पाहिलं. मी उठले नाही. अडकत अडकत सगळी उत्तरं दिली.

निकाल आत्याने पाहिला. पुढच्या थंडीत दम्याने ती गेली. दवाखान्यात आईचा हात धरून म्हणाली, "सुमन, तुला लय बोलले मी. त्याची माफी मातुर तूच दे. माझी मला देता आली न्हाई."

"ती कवाच दिली, वन्सं," आई म्हणाली.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. अडखळणं गेलेलं नाही. कामशेतलाच एका पतसंस्थेत काउंटरवर बसते, दिवसभर लोकांशी बोलते, आणि माझं वाक्य पुरं होईपर्यंत त्यांना थांबावं लागतं.