कुंपणातलं गवत

सोपानतात्या गेले, आणि त्यांच्या माळावरचं गवत अजून उभं आहे.

ते गवत आम्ही राखलं होतं. 'आम्ही' म्हणजे आमचा प्रोजेक्ट. माणसं, जनावरं आणि माळ यांचं एकमेकांमुळे काय होत जातं, ते वर्षानुवर्षं नोंदवायचं. दुष्काळी कर्जत तालुक्यात हे काम मी बघते.

तात्या मेंढपाळ; त्यांनी स्वतःच्या पडीक माळाचा एक तुकडा आम्हाला दिला. त्याला कुंपण घातलं. आत मेंढ्या नाहीत, बाहेर मेंढ्या. दर हंगामात दोन्हीकडचं गवत मोजायचं.

पहिल्याच दिवशी तात्या म्हणाले, "फरक तर मी आत्ताच सांगतो. आत गवात, भाएर दगडं. झालं तुजं काम. जा घरी."

"असं नाही तात्या, वीस वर्षं बघायचं आहे."

"तवर मी ऱ्हातो व्हय?"

माझ्या घरात कॉलेज केलेली मी पहिली. वडील नागापूरला कारखान्यात आहेत. तात्यांना हे कळल्यावर तर त्यांना विषयच मिळाला.

"बापानं एवढं शिकवलं आन् तू गवात मोजतीस. त्याला ठाव हाय का?"

"आहे."

"मंग लई सोसनारा मानूस हाय."

यंदा उन्हाळा लवकर आला. बाहेर काही उरलं नाही. आमच्या भागात चारा छावणीही नव्हती.

तात्या कुंपणापाशी उभे होते. मेंढ्या तारेला तोंड लावून.

"पोरी, चार दिस उघडतीस का? मंग मी दुसरीकडं बघतो."

चावी माझ्याकडेच होती. पण ठरवणं माझ्याकडे नव्हतं.

मी तिथूनच पुण्याला, प्रोजेक्ट चालवणाऱ्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, एकदा मेंढ्या आत गेल्या की इतक्या वर्षांची तुलना संपली.

ते चुकीचं बोलले नव्हते. मला ते पटलंही होतं.

तात्यांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"बरं," एवढंच म्हणाले.

तार तोडायची तर त्यांना एक पक्कड पुरली असती. त्यांनी तोडली नाही. पुतण्याला घेऊन मेंढरं गोदावरीकडं हाकली. या वयात, या उन्हात.

परवा पुणतांब्याच्या अलीकडे रस्त्यातच चक्कर येऊन पडले. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. टेम्पोतून घरी आणलं.

काल सरांचा मेसेज आला. खूप वाईट वाटलं, घरच्यांना हवं असेल तर आठवडाभर कुंपण उघडा.

तो मेसेज घेऊन मी आज त्यांच्या घरी गेले. रखमामावशींना, तात्यांच्या बायकोला, वाचून दाखवला. दाखवायला नको होता की काय, अजून कळत नाही.

मावशी म्हणाल्या, "मेंढरं तिकडं. मानूस गेला. आता कुनासाठी उघडतीस?"



शेजारणीने चहा आणला होता. मावशींनी स्वतःचा कप माझ्यापुढे सरकवला. "घे. उन्हातनं आलीस."

मी तो प्यायले.

पावसाआधीची मोजणी बाकी आहे. या आठवड्यात ती मलाच करायची आहे. माळावर जाईन, बसेन, मोजेन. हाताशी तेवढंच आहे.

तात्या, तुम्हाला मनापासून नमस्कार. आता ऊन लागणार नाही, तिथे विसावा घ्या.