बावीचं पाणी गोडं होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवाजवळ तर नाहीच – त्याला माहीत असेल तर असो, त्यानंही कधी विषय काढलेला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. आणि आधीच बजावून ठेवते, मान खाली घालून सांगणार नाही. ज्यांना मला ‘बिचारी’ म्हणायची हौस असेल त्यांनी इथंच थांबावं.

मांडव्याच्या रस्त्याला माझी शेड आहे. जुन्या गाड्यांच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी, समोरची जाळी, हे सगळं उतरवायचं, चमकवायचं आणि परत बसवायचं, हा माझा धंदा. इथल्या हवेत अॅल्युमिनियम पांढरं पडतं. बोट फिरवलं तर पीठ लागल्यासारखं वाटतं. मुंबईकरांचे बंगले सगळे याच पट्ट्यात, शनिवारी येतात, गाडीवरची ताडपत्री काढतात आणि हळहळतात. मग कुणीतरी सांगतं, ‘त्या बाईकडे न्या.’ ती बाई म्हणजे मी. हे काम मी वडिलांकडून शिकले, ते बसगाड्यांच्या पट्ट्या घासायचे. आजही रेवसपासून मुरूडपर्यंत माझ्यासारखं काम कुणी करून दाखवावं. बढाई वाटली? वाटू दे.

तर मूळ गोष्टीकडे येते. येते म्हणते खरी – पण त्याआधी थोडं कामाबद्दल सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही.

नव्या पट्टीवर कारखान्यात एक कडक, पारदर्शक थर चढवलेला असतो. वर्षानुवर्षं उन्हानं तो थर धुरकट होतो. त्याच्यावर कितीही पॉलिश घासा, उपयोग शून्य. तो थर आधी काढावा लागतो आणि त्याला लागतो कॉस्टिक सोडा. प्लास्टिकच्या लांब पन्हाळीत सोड्याचं पाणी करायचं, पट्टी त्यात सोडायची, बुडबुडे सुटले की नजर हलवायची नाही. दोन मिनिटं, फार तर तीन. थर गेला की लगेच बाहेर काढून भरपूर पाण्यानं धुवायची. कारण सोडा थरापाशी थांबत नाही, तो पुढे धातूच खायला लागतो. नंतर पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, मग मशीनवरचं पॉलिश, की झाला आरसा. सगळी मेख त्या दोन मिनिटांत आहे.

किहीमच्या एका साहेबांची गाडी आली होती. त्यांच्या वडिलांच्या वेळची मोटार, दोन्ही अंगांनी पुढून मागेपर्यंत लांबच लांब पट्ट्या. तशा पट्ट्या आता कुठे मिळत नाहीत. गाडी घेऊन आले होते दामूकाका, थळचे. सव्वीस वर्षं त्या गाडीवर ड्रायव्हर. साहेब असोत-नसोत, हे रोज सकाळी बंगल्यातल्या बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी काढून गाडी धुणार, जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपणार. पट्ट्या उतरवताना ते माझ्या शेजारी उभे राहिले, एकेक खीळ कुठली ते सांगत. मला राग आला होता त्यांचा, खरं सांगते. माझ्या कामात कुणी नाक खुपसलेलं मला खपत नाही.

त्याच दिवशी एक मुलगी आली होती मुंबईहून, मोबाइलवर माझा व्हिडिओ करायला. ‘गाड्या चमकवणारी बाई.’ मी पट्ट्या पन्हाळीत सोडल्या आणि ती म्हणाली, ताई, जरा इकडे उजेडात या. गेले. केस नीट केले. आणि बोलत सुटले. काय बोलले माहीत आहे? की या कामात घड्याळ फार महत्त्वाचं. की बाईमाणसाचा हात जास्त जपून चालतो. की माझ्या हातून आजवर एकही पट्टी बिघडलेली नाही. ती विचारत होती, मी सांगत होते, छान वाटत होतं. माझ्या पाठीमागे पन्हाळ फसफसत होती आणि मी कॅमेऱ्यासमोर जपून काम करण्यावर प्रवचन देत होते!

वळले तेव्हा पाणी काळं झालं होतं. पट्ट्या बाहेर काढल्या. सगळ्या अंगावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे, कडा कागदासारख्या पातळ, एका ठिकाणी तर आरपार. मुलगी तोवर निघून गेली होती. दामूकाका चहाला गेले होते. पाहणारं कुणी नव्हतं.

दोन दिवस घासत बसले. जेवढे खड्डे घासून काढता येतील तेवढे काढले. लांबून पाहिलं तर पट्ट्या लखलखत होत्या, मी सांगते ना, हात माझा वाईट नाहीच. पण जवळून, तिरक्या उजेडात, सगळं दिसत होतं. साहेब आले, बरोबर दामूकाका. त्यांनी बोट फिरवलं, आणि विचारलं, हे काय?

तेव्हा खरं सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. ‘साहेब, माझं चुकलं’ एवढे तीन शब्द. मी म्हणाले, ‘खाऱ्या पाण्यानं खाल्लंय, साहेब. वरच्या थराखाली होतं, थर काढला तसं उघडं पडलं. गाडी पुळणीवर नेलेली दिसते. नाहीतर खाऱ्या पाण्यानं धुतलेली.’

सगळ्यांना पटेल असंच होतं ते. ओहोटीच्या वेळी पुळणीवरून, समुद्राकाठच्या ओल्या वाळूवरून, गाडी काढायची सवय इथं कितीतरी जणांना आहे, रस्त्याचा वळसा वाचतो. साहेबांनी दामूकाकांकडे पाहिलं. काका म्हणाले, ‘न्हाय साहेब. मी कंदी न्हाय नेली.’ आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही हो. मी चूक सुधारीन अशा आशेनं. मी पट्टीवरचा बोटाचा डाग पुसत राहिले. साहेब ओरडले नाहीत, नुसता हात पुढे केला. काकांनी खिशातून चावी काढून त्या हातावर ठेवली.

एवढंच असतं तर कदाचित मी हे सांगायलाही बसले नसते. धंद्यात माणूस एकदा खोटं बोलतो, त्यात काय! असं मी मनाशी म्हणून टाकलं होतं. पण महिन्याभरानं काका शेडवर आले. हातात पाण्याची बाटली. बंगल्याच्या माळ्याकडून बावीचं पाणी मागून आणलं होतं. म्हणाले, ‘ताई, पुळनीवं तर गारी मी नेली न्हाय, ता मना ठाव हाय. पन पानी? पानी खारं व्हतं काय, तुमीच बघा. तुमाला कलतंय यातलं.’

भांडायला आले नव्हते ते. स्वतःवर शंका घेऊन आले होते. सव्वीस वर्षं जे पाणी काढलं, तहान लागली की ओंजळीनं प्यायले, ते गोडं होतं की खारं हे विचारायला माझ्याकडे आले होते.

मी बाटली तोंडाला लावली. पाणी गोडं होतं. थंड आणि गोडं, आमच्याकडच्या चांगल्या बावीचं असतं तसं. मी ते गिळलं आणि म्हणाले, ‘मचूळ लागतंय, काका.’

त्यांनी बाटली घेतली. एक घोट घेतला, तोंडात घोळवला. पुन्हा एक घेतला. आणि म्हणाले, ‘व्हय. लागतंय खरं.’

मग त्यांनी माझी माफी मागितली. माझी! माझ्या कामाला बट्टा लागला म्हणून. मी म्हणाले, जाऊ द्या काका, होतं असं. चहा पाजला त्यांना. त्यांनी तो घेतला, कपबशी धुऊन ठेवली आणि गेले. त्यानंतर त्यांनी कुणाच्याच गाडीवर काम धरलं नाही. मांडव्याला बोलावणं आलं होतं, पगारही बरा होता. त्यांनीच नको म्हटलं, आपल्याला आता यातलं कळत नाही म्हणाले.

बरीच वर्षं मी स्वतःला एक कारण देत आले. बाई आहे ना मी या धंद्यात – कबूल केलं असतं तर म्हणाले असते, बाईच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं. ऐकायला छान आहे. तुम्हीही कदाचित मान डोलवली असती. पण साहेबांपुढे ते कारण चाललं असेल एक वेळ, त्या बाटलीपुढे कसं चालेल? तिथं साहेब नव्हते, गिऱ्हाईक नव्हतं. एक म्हातारा माणूस होता आणि मी होते. ‘गोडं आहे, काका’ म्हटलं असतं तर ते घरी गेले असते, कुणाला काही सांगितलंही नसतं. मी बाई होते म्हणून खोटं नाही बोलले. ते माझ्यावर विश्वास ठेवतील हे मला दिसत होतं, म्हणून बोलले.

आता म्हणाल, झालं ते झालं, जुनी गोष्ट. जुनी कसली?

गेल्या महिन्यात दामूकाकांची मुलगी आली. नर्स आहे, पनवेलला असते. तिनं जुनी गाडी घेतलीय, खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या पडलेल्या. काका मागच्या सीटवर बसून आले होते. उतरले, मला नमस्कार केला. मुलगी म्हणाली, ‘ताई, तुम्हीच सांगा यांना. दिवसभर घरी बसून असतात, म्हटलं गाडी धूत जा, तर हातच लावत नाहीत. म्हणतात, माझ्या हातानं खराब होईल. तुमचं ऐकतील ते.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी साहेबांच्या गाडीपाशी पाहिलं होतं, अगदी तसंच. मला एक वाक्य बोलायचं होतं. खरं नसतं सांगितलं तरी चाललं असतं, नुसतं ‘धुवा की, काका’ एवढं म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, मग तेव्हा काय झालं होतं?

मी मुलीला म्हणाले, ‘राहू दे गं. नाही जमायचं त्यांना.’

काकांनी मान हलवली. दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि गाडीपासून दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.