फूटपाथवरच्या पायऱ्या

सुभाष रोडवरच्या त्या कापडदुकानदारांना मी नुसतं अण्णा म्हणतो. ते हळू बोलतात, मध्येच "बघा की" म्हणून थांबतात. त्यांच्या दुकानाच्या पायऱ्या फूटपाथवर आल्या होत्या. त्या टाळून रस्त्यावर उतरलेल्या एका म्हाताऱ्या अक्कांना रिक्षानं उडवलं. अक्का पुन्हा चालल्या नाहीत.

आठवड्यातच अण्णांनी पायऱ्या फोडून आत घेतल्या. "चालणाऱ्यांची जागा आम्हीच खाल्ली, बघा की," एवढंच बोलले.

मोकळ्या फूटपाथवर लगेच गाड्या लागू लागल्या. अण्णा रोज त्या गाड्या बाजूला सरकवतात, कुणावर आवाज न चढवता.

परवा मी भाजी घेऊन परतलो, तर ते धापा टाकत एक स्कूटर ढकलत होते. ती माझी होती.

"घाईत असाल," म्हणत त्यांनी हँडल माझ्या हातात दिलं. मला त्यांच्याकडे बघवेना.