पाटकाठचं तिसरं कडवं

श्रीरामपूरला जायचं तर बेलापूर नावाच्या स्टेशनावर उतरायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पाटी बेलापूरची दिसली म्हणून मी निवांत शेंगा सोलत बसलो. समोरच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमाला श्रीरामपूरला जायचं हाय ना? मग बसले काय? हेच हाय की ते!" पिशवी काखेत, शेंगा मुठीत आणि एक चप्पल हातात अशी मी गाडीतून उडी टाकली. जन्मभर गोलकीपर होतो म्हणून जमलं. दुसरा कुणी असता तर थेट मनमाडला पोचला असता.

वाटेचंही सांगायला हवं. दौंड सुटल्यावर नगरपर्यंत नुसता उघडा माळ, बाभळी आणि मेंढरं. राहुरीच्या अलीकडे मात्र एकदम ऊस सुरू होतो. खिडकीतून हिरवं दिसलं आणि मला घरचा भास झाला. ही सगळी पाटाची (कालव्याची) किमया. इथली माणसं पाटाबद्दल आपण कोल्हापूरकर पंचगंगेबद्दल बोलतो तितक्याच मायेनं बोलतात.

स्टेशनाबाहेर याकूबभाई टेम्पोला टेकून उभे होते. दाढी पांढरी झालेली, पण छाती तशीच, दरवाजाएवढी. "या, शत्रू!" म्हणत त्यांनी मला अशी मिठी मारली की शेंगा सांडल्या.

हा शत्रू शब्द खरा आहे. आमच्या तरुणपणी इथल्या एका फुटबॉल स्पर्धेच्या फायनलला इथला पाटकाठ क्लब आणि आमचा पेठेतला संघ समोरासमोर आले होते. याकूबभाई त्यांचे स्टॉपर (बचावफळीतले मधले खेळाडू), मी आमचा कीपर. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत पाटकाठ एका गोलनं पुढे होता. मग आम्ही बरोबरी केली आणि टायब्रेकरवर कप कोल्हापूरला नेला. पाटकाठला पुन्हा कधी फायनल गाठता आली नाही. पण दर वर्षी त्याच दिवशी जुने खेळाडू आणि जुने प्रेक्षक मैदानावर जमतात, क्लबचं गाणं म्हणतात आणि हळहळतात. यंदा पाहुणा म्हणून मला बोलावलं होतं. हरलेल्यांनी जिंकलेल्याला जेवायला बोलवायचं, हे आपल्या पेठांना जमेल का, तुम्हीच सांगा.

जेवण याकूबभाईंच्या घरी. बाजरीची भाकरी आणि येसूर (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ) लावलेला मटणाचा दाट रस्सा. तांबडा-पांढरा सोडून मी दुसऱ्या रश्शाला सहसा मान देत नाही. इथे दोनदा वाटी पुढे केली. भाभी हसल्या. "कोल्हापूरचे हात टेकले वाटतं!"

"हात नाही, फक्त वाटी टेकली," मी म्हटलं.

मग गाण्याचा विषय निघाला. पाटकाठचं गाणं शमुवेल मास्तरांनी रचलेलं. मास्तर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे आणि सामन्याला सगळा बँड घेऊन लिंबाखाली उभे राहायचे. याकूबभाईंनी ताटावर बोटांनी ठेका धरला:

"निळा सदरा, पांढरी पट्टी,
पाटाकाठची पोरं हट्टी!
पानी सुटलं, अडवील कोन?
चेंडू सुटला, अडवील कोन?"

"मी अडवला की!" मी म्हटलं. तेवढं सांगायची संधी सोडतोय होय!

गाण्याला दोन कडवी. तिसरंही आहे, पण ते कप जिंकल्यावरच म्हणायचं, असा मास्तरांचा नेम. त्या फायनलला मास्तरांना दम धरवला नाही. शेवटची शिट्टी व्हायच्या आधीच बँडनं वाजवत-गात तिसरं कडवं सुरू केलं, आणि ते अर्ध्यात असताना आमचा गोल झाला.

"लोक म्हन्तात, त्या गान्यानं आमचं ध्यान उडालं," याकूबभाई भाकरी मोडत म्हणाले. "तवापासून मास्तरांना 'घाईमास्तर' नाव पडलं. त्यांनी मैदानात वाजवनंच सोडलं. गानं आता मोबाईलवर लावत्यात."

माझा घास हातातच राहिला. वाईट वाटलं म्हणून नव्हे, खरं सांगतो, मला राग आला! तो गोल मी आमच्या गोलातून मारलेल्या लांब किकवर झाला होता. अख्ख्या पेठेत मी तो सांगत आलो. आणि इथं त्याचं श्रेय एका बँडला?

"याकूबभाई," मी म्हटलं, "तुमचं ध्यान गाण्यानं उडालं होतं?"

त्यांनी भाभींकडे बघितलं, मग ताटाकडे. "मैदानावर चला," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मैदानावर शे-दीडशे माणसं असतील. बहुतेकांची पोटं सुटलेली, पण अंगात निळे सदरे. कुणी चर्चमधून थेट आलेलं, कुणी मोंढ्यातून (धान्य बाजारातून). कर्ण्यावर मोबाईलमधलं गाणं लागलं होतं, तेही मध्येच अडकत होतं. कुंपणाबाहेर एक कृश म्हातारा सायकल धरून उभा होता. हँडलला कापडी पिशवी, आत ट्रम्पेटचा आकार स्पष्ट दिसत होता.

"तेच मास्तर," याकूबभाई पुटपुटले. "दर वर्षी येत्यात. बाजा घेऊन येत्यात अन् तसाच घेऊन जात्यात. आत न्हाई येत."

क्लबच्या जुन्या सेक्रेटरींनी माझ्या गळ्यात हार घातला आणि माईकवर म्हणाले, "घाई झाली न्हसती, तर आज हार आमच्या गळ्यात असता!" लोक हसले. कुंपणाबाहेरच्या माणसानं मान खाली घातली. ते मला बघवलं नाही.

मी माईक ओढून घेतला. "भाषण नको, एक किक बघा. सेक्रेटरीसाहेब, तुम्ही त्या पूर्वेच्या गोलासमोर उभे राहा. मी पश्चिमेच्या गोलातून मारतो. चेंडू झेलून दाखवा."

सूर्य माझ्या पाठीशी कलला होता, त्या दिवशीसारखाच. दोन पावलं पळालो, गुडघा कुरकुरला, तरी चेंडू उंच गेला. वयामुळे फार लांब गेला नाही, म्हणून सेक्रेटरींना मध्यावर बोलावून पुन्हा मारला. त्यांनी वर बघितलं, डोळ्यांवर हात धरला आणि ओरडले, "कुठं गेला? कुठं गेला?" चेंडू त्यांच्या मागे टप्पा खाऊन निघूनही गेला.

"बँड वाजत होता का आत्ता?" मी माईकवर विचारलं. "पहिल्या हाफात मी त्या बाजूला होतो. याच सूर्यानं आंधळा होऊन तुमचा गोल खाल्ला. दुसऱ्या हाफात सूर्य माझ्या पाठीशी आला, तेव्हा मुद्दाम सूर्यात किक मारली. डोकं लावून मारली! ती माझी करामत आहे. मास्तरांना फुकटची देऊ नका."

याकूबभाई पुढे आले. एवढा धिप्पाड माणूस कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला. "खरं हाय. मला चेंडू दिसलाच न्हवता. गानं चालू हुतं का बंद, ते बी आठवत न्हाई. कुनी मला इचारलं न्हाई, अन् मी सांगितलं न्हाई. मास्तर, माझ्या वाटचं तुमी सोसलं." आणि ते रडले, सरळ सगळ्यांसमोर.

सेक्रेटरी डोळे चोळत कुंपणापाशी गेले. "मास्तर, आत या. चुकलं आमचं."

मास्तरांनी हँडलवरची पिशवी चाचपली. मग म्हणाले, "तोंडात कवळी हाय. वाजंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

"कवळी काढा की!" कुणीतरी ओरडलं.

त्यांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली, आणि लिंबाखाली आपल्या जुन्या जागी जाऊन उभे राहिले. कर्णा बंद झाला. पहिला सूर फाटला, दुसराही फाटला, तिसरा लागला. मग शे-दीडशे गळ्यांनी पट्टी आणि हट्टी असं काही उचललं की माझ्याही अंगावर काटा आला. शत्रूचं गाणं, पण मीही म्हणालो.

दुसरं कडवं संपलं. मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतलं.

"मास्तर, आज तिसरं होऊन जाऊ द्या!" लोक गलका करू लागले. सेक्रेटरींनी तर हात जोडले. आजवर ते कडवं शिकलेले बाकीचे कुणी देवाघरी गेले, कुणी विसरले. आता ते एका मास्तरांनाच ठाऊक आहे.

मास्तर बोळक्या तोंडानं हसले. "कप कुठं हाय?" ते म्हणाले. "घाई नको."

हसू आणि टाळ्या एकदम उसळल्या. त्या दिवसानंतर त्यांना कुणी घाईमास्तर म्हणेल असं मला वाटत नाही.

सकाळी याकूबभाईंनी स्टेशनावर सोडलं. मास्तरही सायकलवरून आले होते. म्हणाले, या आठवड्यापासून पाटकाठच्या पोरांना गाणं शिकवायला बसणार. तिसरंही शिकवणार, पण दार लावून.

आता घरी आहे. येताजाता तेच गाणं गुणगुणतो, बायको वैतागली आहे. त्या फायनलला तिसऱ्या कडव्याची सुरुवात मी गोलात उभा राहून ऐकली होती: "उघडा दारं, पेटवा चुली, चषक घेऊन..." पुढचं गोलाच्या आरोळीत बुडालं. चषक घेऊन पुढे काय, ते मला ऐकायचं आहे. त्यासाठी पाटकाठनं एकदा जिंकायला हवं, आणि त्यांनी जिंकावं असं मला, त्यांना हरवणाऱ्याला, मनापासून वाटतं.

फक्त त्या फायनलला समोर आपली पेठ नको. आणि असलीच, तर आपल्या कीपरला मी सूर्य कुठल्या बाजूला असतो ते सांगणार आहे. ऐकायचं ते कडवं कमावलेलंच ऐकायचं.